नाव नसलेला आजार

दुर्मिळ आजारांची संख्या सुमारे सात हजार मानली जाते व त्यांपैकी बहुतांश आनुवंशिक असतात. प्रत्येकाचे रुग्ण मोजके आणि विखुरलेले. त्यामुळे एखाद्या डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत असा रुग्ण एकदाही न भेटणे स्वाभाविक आहे. रुग्णाच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षांची वणवण येते. सर्व अहवाल 'नॉर्मल' आले की 'मनाचा आजार', 'नाटक', अगदी 'बाहेरची बाधा' असेही ऐकावे लागते. निदान झाले नाही याचा अर्थ आजार नाही, असा होत नाही.

नांदेड-लातूरकडील रुग्णांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, ती म्हणजे नातेसंबंधांतील विवाह. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी, काही समाजांत सख्ख्या भाचीशीही लग्न होते. अशा जोडप्यात एकच सदोष जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. तसे असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. संकोचापोटी हे नाते किंवा पूर्वी दगावलेले मूल डॉक्टरांपासून लपवले जाते. वास्तविक निदानाचा सर्वांत मोठा धागा तोच. तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर मांडून न्यावी. महागड्या तपासणीइतकेच तिचे मोल आहे.

केंद्र सरकारचे दुर्मिळ आजार धोरण मार्च २०२१ मध्ये आले. त्यातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. हैदराबादेतही डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्र आणि निजाम वैद्यकीय विज्ञान संस्था मिळून असे केंद्र आहे. नांदेडहून मुंबईपेक्षा हैदराबाद निम्म्याहूनही कमी अंतरावर. देवगिरी एक्स्प्रेस दोन्हीकडे जाते. २०२२ पासून या केंद्रांत उपचारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे, पण ती धोरणातील यादीत नाव असलेल्या आजारांनाच. ज्यांच्या आजाराला नावच नाही, ते दाराबाहेरच राहतात. धोरणातील ही उणीव दूर व्हायला हवी.

अशा केंद्रांत बहुधा 'एक्सोम' तपासणी सुचवली जाते. माणसाच्या सुमारे वीस हजार जनुकांतील प्रथिने घडवणारा भाग तीत वाचला जातो. आई-वडिलांचे रक्तही सोबत तपासल्यास अर्थ लावणे सोपे जाते. मूल अत्यवस्थ असेल तर त्याचे डीएनए जतन करण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. ते मूल गेल्यावर पुढच्या बाळासाठी तोच एक आधार उरतो.

एवढे करूनही अनेकांना उत्तर मिळत नाही, किंवा 'बदल आढळला, अर्थ अनिश्चित' एवढेच कळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनिदानित रुग्णांसाठी २००८ मध्ये खास कार्यक्रम सुरू केला, तेथेही बरेच रुग्ण निदानाविना परततात. मात्र नवनवी जनुके दरवर्षी उलगडत असल्याने जुन्याच माहितीची एक-दोन वर्षांनी फेरछाननी केली असता काहींचे निदान होते. त्यासाठी बहुधा नवे रक्तही द्यावे लागत नाही. जुनी फाइल मात्र जपलेली हवी.