अक्षर, संगणक आणि महापूर : केरळच्या प्रौढ शिक्षणातून मिळणारा धडा

प्रौढ साक्षरतेचा इतिहास आपण बहुधा टक्केवारीत वाचतो. या टिपणात तो एका वेगळ्या प्रश्नाने वाचू. घरात पाणी शिरले असताना स्वतःचा ठावठिकाणा दुसऱ्याला कळेल असा लिहिता येणे, ही साक्षरता आहे की नाही?

सुरुवात एर्नाकुलम जिल्ह्यापासून करू. केरळ शास्त्र साहित्य परिषद आणि जिल्हा प्रशासन यांनी १९८९ मध्ये तेथे साक्षरता मोहीम हाती घेतली. हजारो स्वयंसेवक घरोघरी गेले. ४ फेब्रुवारी १९९० रोजी एर्नाकुलम हा देशातील पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून घोषित झाला. पुढे १८ एप्रिल १९९१ रोजी कोळिकोड येथे संपूर्ण राज्याची घोषणा झाली. ती चेलक्कोडन आयिशा या नवसाक्षर महिलेने केली, मंत्र्याने नव्हे, हे लक्षात ठेवा.

दुसरा टप्पा संगणकाचा. २००२ मध्ये 'अक्षया' प्रकल्प सुरू झाला आणि त्यासाठी प्रथम मलप्पुरम जिल्हा निवडला गेला. प्रत्येक कुटुंबातील किमान एका व्यक्तीला संगणकाची तोंडओळख व्हावी, हे उद्दिष्ट होते. प्रशिक्षण संपल्यावरही केंद्रे बंद पडली नाहीत. दाखले, बिले आणि अर्ज यांची कामे तेथे होऊ लागली. शिकलेले रोज वापरात राहिले तरच टिकते, हे त्यामागचे साधे कारण.

तिसरा टप्पा भाषेचा. पेरुंबावूर परिसरात प्लायवूडचे अनेक कारखाने आहेत. बंगाल, आसाम, ओडिशा आणि बिहारमधून आलेले कामगार तेथे राबतात. त्यांना मल्याळम शिकवण्यासाठी राज्याच्या साक्षरता मिशनने २०१७ मध्ये 'चंगाती' उपक्रम सुरू केला. चंगाती म्हणजे सोबती. पोटापाण्यासाठी परभाषेच्या प्रदेशात जाणे मराठी माणसालाही नवे नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पसरले, केरळातही स्थायिक झाले. दुकानाची पाटी आणि सरकारी सूचना वाचता न येण्याची अडचण त्यांच्या घरांतील जुन्या पिढीला विचारून पाहा.

चंगाती सुरू झाल्यानंतर वर्षभरातच, ऑगस्ट २०१८ मध्ये, महापूर आला. चारशेहून अधिक माणसे दगावली आणि दहा लाखांहून अधिक लोकांना मदत छावण्यांत आसरा घ्यावा लागला. पेरियार नदीकाठच्या भागालाही मोठा फटका बसला. राज्याच्या आयटी मिशनने स्वयंसेवक प्रोग्रॅमरांच्या मदतीने 'केरळ रेस्क्यू' हे संकेतस्थळ उभारले. त्याचा स्रोत खुला असल्याने देशभरातून लोकांनी हातभार लावला. मच्छीमार आपल्या होड्या घेऊन बचावाला धावले.

येथे अभियांत्रिकीचा शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगतो. अशा यंत्रणेत सर्वांत नाजूक दुवा सर्व्हर नसतो. अर्जातील पत्त्याचा रकाना भरणारा माणूस हा खरा दुवा असतो. 'पुलाजवळ अडकलो आहे' एवढ्यावर होडी पोहोचत नाही, कारण पूल अनेक असतात. आणि अर्जच वाचता आला नाही, तर त्या माणसाची नोंदच होत नाही.

पाणी ओसरल्यावर दुसरी परीक्षा आली. शिधापत्रिका, जमिनीचे कागद, शाळेचे दाखले भिजून गेले होते. ते पुन्हा देण्यासाठी सरकारने अदालती भरवल्या. पण तेथेही अर्ज होता, रांग होती आणि भाषा होती.

म्हणून हे तीन टप्पे वेगवेगळ्या योजना म्हणून पाठ करू नका. अक्षरओळख, यंत्राची सवय आणि स्थानिक भाषा यांपैकी एक नसेल, तर संकटात उरलेल्या दोन लंगड्या पडतात. आता तुमच्या गावी प्रौढांचा वर्ग चालत असेल, तर तेथे जाऊन पाहा. आपला पूर्ण पत्ता मोबाइलवर लिहून पाठवणे हा धडा तेथे आहे का? नसेल, तर तो घ्यायला पावसाळ्याची वाट पाहू नका.