हिवताप दूरीकरण, राष्ट्रीय कार्यक्रम

हिवताप (मलेरिया) हा प्लास्मोडियम या एकपेशीय परजीवीमुळे होणारा आणि ॲनॉफिलिस डासाच्या मादीमार्फत पसरणारा रोग आहे. एखाद्या प्रदेशात त्याची स्थानिक लागण पूर्ण थांबवणे म्हणजे दूरीकरण. परगावाहून ताप घेऊन आलेले रुग्ण यात मोजत नाहीत. सलग तीन वर्षे स्थानिक लागण शून्य राहिल्याचे सिद्ध झाले, तर जागतिक आरोग्य संघटना देशाला तसे प्रमाणपत्र देते. श्रीलंकेला ते २०१६ मध्ये आणि चीनला २०२१ मध्ये मिळाले. भारताने २०२७ पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत दूरीकरणाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला अंदाजे ७.५ कोटी लोकांना हिवताप होई आणि ८ लाख दगावत. रक्त पिऊन जड झालेली मादी घराच्या भिंतीवर विसावते. तिथेच कीटकनाशक असले तर ती परजीवी पुढे नेण्याआधीच मरते. याच तत्त्वावर डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून मुंबई इलाख्याच्या कारवार व धारवाड भागांत डीडीटीची फवारणी केली. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. १९६५ पर्यंत रुग्ण वर्षाला सुमारे १ लाखावर आले. मग हात सैल पडले. डासांना डीडीटी सोसू लागले, कीटकनाशकांचा पुरवठा अडू लागला आणि रोग गेला असे मानून काम सोपवलेल्या आरोग्य यंत्रणेला ते पेलले नाही. १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. भारताच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातला हा सर्वांत महागडा धडा म्हणावा लागेल.

या कार्यक्रमात शहरे बाजूला राहिली होती. फवारणी खेड्यांत होई. शहरांतल्या अळ्यांचा बंदोबस्त नगरपालिकांवर सोडलेला होता. शहरांतून तापाचे बीज पुन्हा खेड्यांत जाते, हे ध्यानात आल्यावर १९७१ मध्ये नागरी हिवताप योजना आली. शहरी हिवतापाच्या मुळाचा शोध मुंबईत जुना होता. सी. ए. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहरातील हिवतापाचे मूळ घराघरांतल्या विहिरींत असल्याचे दाखवले होते. त्या बुजवण्याला किंवा झाकण्याला धार्मिक कारणांवरून विरोधही झाला.

शहरी हिवतापाचा मुख्य वाहक ॲनॉफिलिस स्टीफेन्सी. त्याला स्वच्छ, साचलेले पाणी लागते. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतील, उल्हास नदीकाठच्या मोहन्यासारख्या वस्तीत हे नीट समजून घेण्याजोगे आहे. डास वाढले की बोट आधी गटाराकडे जाते. पण गटारात वाढणारा क्यूलेक्स हिवताप पसरवत नाही, तो हत्तीरोगाचा वाहक आहे. नदीतल्या जलपर्णीच्या मुळांना चिकटून वाढणारा मॅन्सोनियाही वेगळा. हिवतापाची अळी शोधायची ती गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाकीत, नळाला दिवसाआड पाणी येते म्हणून भरून ठेवलेल्या पिंपात, विहिरीत आणि बांधकामावर स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात. पाण्यात पळी घालून पाहिली की ओळख पटते: ॲनॉफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडते, क्यूलेक्सची डोके खाली करून लोंबते. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून भांडी रिकामी करून घासायची असतात. टाकी रिकामी करणे शक्य नसेल तर झाकण किंवा जाळी, विहिरीत गप्पी मासे, नाहीतर अबेट हे अळीनाशक. धूरफवारणीची गाडी लोकांना दिसते, तिची मागणीही होते. पण ती फक्त उडते डास मारते, अळ्या तशाच राहतात. अळ्या शोधण्यातही अडथळे असतात: मोहन्याचा नॅशनल रेयॉन कारखाना २००९ मध्ये बंद पडला. अशी बंद आवारे, कुलूपबंद खोल्या आणि अडलेली बांधकामे शहरी सर्वेक्षणातली कायमची अडचण असतात, कारण कर्मचाऱ्याला आत जाऊन पाणी पाहता आले तरच कामाला अर्थ आहे.

डासांइतकेच लक्ष रुग्णाकडे हवे. बोटातून रक्त घेऊन काचपट्टीवर दोन थर काढतात. जाड थरात परजीवी सापडतो, पातळ थरात त्याची जात कळते. व्हायव्हॅक्स जातीसाठी क्लोरोक्विन तीन दिवस असते. परंतु या जातीचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात, म्हणून प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. ताप उतरला की रुग्ण गोळ्या सोडतो आणि शेजाऱ्यांसाठी धोका शिल्लक ठेवतो. कामासाठी साइटवरून साइटवर फिरणाऱ्या मजुराला चौदा दिवस गाठून गोळ्या देणे हे तर फारच चिकाटीचे काम आहे. फॅल्सिपेरम जात घातक. तिच्यासाठी आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार दिले जातात.

फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरीकरणाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर झाला. देशात नोंदलेले रुग्ण २०१५ मध्ये ११.६९ लाख होते, ते २०२३ मध्ये २.२७ लाखांवर आले आणि २०२४ मध्ये भारत सर्वाधिक भाराच्या देशांच्या गटातून बाहेर पडला. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा भार अजून जास्त आहे. तिथे कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या, आशा कार्यकर्त्यांच्या हाती जलद तपासणी संच आणि वेळेत उपचार यांवर भर आहे. रुग्ण कमी असलेल्या भागांत कामाची रीत पालटते: प्रत्येक रुग्णाची चौकशी करायची, तो कुठून आला ते विचारायचे, भोवतालच्या घरांत ताप सर्वेक्षण करायचे, जवळची डासोत्पत्ती स्थाने शोधायची आणि खासगी डॉक्टरांकडचे रुग्णही नोंदीत आणायचे.