पंगत उठल्यावर

वाचक माउली, संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराटा हाती घेत. दिवसा गाव झाडत, रात्री कीर्तनाला उभे राहत. मी आयुष्यभर नुसते कीर्तनच केले.

आमच्या कोरपन्याकडे काल्याची पंगत उठली की उष्ट्या पत्रावळी नाल्यात जात. पळसाच्या होत्या तोवर त्यांची माती झाली. पुढे थर्माकोलच्या आल्या. टाकण्याची जागा तीच राहिली, पण माती होईना.

शासनाने २०००-०१ साली बाबांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान काढले, २०१८ साली थर्माकोलच्या पत्रावळींवर बंदी आणून दंडही ठरवला. पण पंगत उठल्यावर नाल्याकडे जाणारा हात कोण धरणार? तो आपल्याच माळकऱ्याचा असतो.

यंदा काल्याला मी खराटा घेऊन उभा राहीन. माउली, तुम्हीही या. रामकृष्ण हरी.