उरेल त्यातून

दिवाळीत दुकानांच्या पाट्यांवर 'सूट' हा शब्द केवढा ठळक असतो आणि खालच्या अटी किती बारीक! विद्यादानाच्या आश्वासनांचेही तसेच. मी पडलो मास्तर. बारीक अक्षरे आधी वाचतो.

१८१३ च्या सनदी कायद्यात हिंदुस्थानातील विद्येसाठी दरसाल निदान एक लाख रुपये काढून ठेवावेत, असे कलम आले. वाचणाराला हर्षच व्हावा! पण हे लाख काढायचे कुठून? फौज, मुलकी कारभार आणि कर्जाचे व्याज भागवून उरेल त्यातून. त्या पैशाची व्यवस्था पाहणारी समिती कलकत्त्यास नेमली गेली, ती थेट १८२३ साली.

१८८२ त जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला स्पष्टच सांगितले, की सारा भरतो शेतकरी आणि शिकतात वरच्या वर्गांची मुले; निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा. सगळ्या सरकारी अहवालांहून मला ते निवेदन मोलाचे वाटते. गोखल्यांनी १९११ त विधेयक आणले. पुढल्या साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. लोकांचीच मागणी नाही, हे सरकारचे एक कारण! अन् बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ पासून सक्ती चालवली होती.

मग आपले राज्य आले. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील, असे १९५० च्या घटनेत लिहिले. म्हणजे १९६० पर्यंत. हक्काचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी, आणि तोही सहा ते चौदा वयापुरता. सहाच्या आतल्या पोरांसाठी घटनेत अजून 'प्रयत्न करील' हेच शब्द आहेत.