विश्वलीग आणि राखून ठेवलेला माणूस

१९०३ साली सुरू झालेल्या ज्या स्पर्धेला 'वर्ल्ड सिरीज' म्हणतात, तिच्यात अमेरिकेतल्या दोन लीगांचे विजेतेच काय ते एकमेकांशी भिडतात. या नावाची थट्टा पुष्कळ झाली आहे. आम्हांला तीत स्वारस्य नाही. आम्हांला कुतूहल आहे ते नावातले 'जग' खरे करू पाहणाऱ्यांचे. त्यांचा इतिहास चाळताना असे दिसते की, बेसबॉलच्या विश्वलीगची वाट समुद्राने वा भाषेने फारशी अडवली नाही. ती अडली खेळाडूच्या करारातल्या एका कलमापाशी.

अल्बर्ट स्पाल्डिंग हा क्रीडासाहित्याचा व्यापारी १८८८-८९ मध्ये दोन अमेरिकी संघ घेऊन ऑस्ट्रेलिया, कोलंबो, इजिप्तचे पिरॅमिड, इटली, इंग्लंड असा फिरून आला. ती लीग नव्हती, फिरती जाहिरात होती. तिचा विचार इथेच सोडू.

ते कलम म्हणजे 'रिझर्व्ह क्लॉज'. कराराची मुदत संपली तरी क्लबचा खेळाडूवरचा हक्क संपत नसे. क्लब त्याला पुढच्या हंगामासाठी राखून ठेवी, दुसऱ्याला विके, अदलाबदलीत देई. त्याने मात्र आपण होऊन कुठे जायचे नाही. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालपत्राद्वारे, बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच नव्हे असे ठरवले आणि मक्तेदारीविरोधी कायद्यातून या धंद्याची सुटका झाली. जो खेळ कायद्याच्या दृष्टीने राज्याची सीमाही ओलांडत नव्हता, तो देशाची सीमा कशी ओलांडणार?

१९४६ साली ती ओलांडण्याचे धाडस मेक्सिकोच्या होर्हे पास्केल या धनाढ्याने केले. अमेरिकेतल्या मेजर लीगने ज्यांना कातडीच्या रंगापायी दार बंद केले होते, ते जॉश गिब्सन, रे डँड्रिज यांच्यासारखे कृष्णवर्णीय खेळाडू मेक्सिकन लीगमध्ये आधीपासूनच सन्मानाने खेळत होते. आता पास्केलने गोऱ्या खेळाडूंपुढेही पैसा ओतला. मॅक्स लॅनियर, मिकी ओवेन, सॅल मॅग्ली, डॅनी गार्डेला असे अनेक जण सीमेपलीकडे गेले. अमेरिकी बेसबॉलचे कमिशनर हॅपी चँडलर यांनी त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. वर्षभरात याच चँडलर यांच्या कारकिर्दीत जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये आला, हेही विसरू नये. रंगाची भिंत पडू शकत होती, कलमाची नाही.

पास्केलचा पैसा आटला आणि खेळाडू परतू लागले. गार्डेला मात्र न्यायालयात गेला. १९४९ मध्ये अपील न्यायालयाने त्याचा दावा चालवण्याजोगा ठरवला; त्याच वर्षी बंदी उठली आणि गार्डेलाशी पैसे देऊन तडजोड झाली. मालकांनी कलम वाचवले ते अशा रीतीने. तरी १९४६ च्या या खळबळीने खेळाडूंच्या पदरात किमान ५,००० डॉलर वार्षिक वेतन आणि निवृत्तिवेतनाची योजना पडली. आमच्या दृष्टीने फसलेल्या विश्वलीगची ही सर्वांत ठोस कमाई.

१९६९ साली वॉल्टर डिलबेक या इंडियानातल्या जमीनजुमल्याच्या व्यावसायिकाने 'ग्लोबल लीग' काढली. अमेरिका, व्हेनेझुएला, डोमिनिकन प्रजासत्ताक, पोर्टो रिको आणि जपान यांचे संघ तीत होते. कमिशनर कोण? तेच हॅपी चँडलर! सीमा ओलांडणाऱ्यांना हद्दपार करणारा माणूस आता सीमाहीन लीगचा धनी झाला होता. एखाद्या कादंबरीकाराने हे रचले असते तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते. लीग काही महिन्यांतच कोसळली. पगार थकले आणि तोक्योच्या संघातले खेळाडू काराकासमध्ये अडकून पडले. योगायोग असा की, आदल्याच वर्षी रॉबर्ट कूव्हर यांची 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन' ही कादंबरी आली होती. तिच्यातली वैश्विक लीग एक हिशेबनीस स्वयंपाकघरातल्या टेबलावर फाशांनी खेळवतो. निदान तिथे कोणाचा पगार थकत नव्हता.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कर्ट फ्लड या खेळाडूची न विचारता बदली झाली. त्याने केलेला दावा १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. परंतु १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निर्णयाने कलमाचा कणा मोडला. मग विश्वलीग झाली का? झाले उलटेच. मोकळा खेळाडू जिथे पैसा अधिक तिथे गेला आणि जगाच्या लीगऐवजी एकाच लीगमध्ये जग गोळा झाले. आज मेजर लीगच्या हंगामारंभीच्या संघांत एक चतुर्थांशाहून अधिक खेळाडू अमेरिकेबाहेर जन्मलेले असतात. २००६ पासूनची 'वर्ल्ड बेसबॉल क्लासिक' देशांना समोरासमोर आणते खरी, पण ती काही दिवसांची जत्रा. २०२३ च्या अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवणाऱ्या जपानचा शोहेई ओहतानी सामना संपल्यावर कॅलिफोर्नियातल्या आपल्या क्लबकडेच परतला.

जपानमधून मात्र ही वाट अजून पुरती मोकळी नाही. तिथल्या खेळाडूला क्लबच्या संमतीवाचून परदेशी खेळायला जायचे तर नऊ हंगाम पुरे करावे लागतात. त्याआधी जायचे तर क्लबने होकार द्यायचा आणि अमेरिकी संघाने त्या क्लबला मोबदला मोजायचा.