शंभरी गाठलेली तलवार

बडोद्यातल्या आमच्या एका ज्येष्ठ सभासदांकडे खंडेनवमीला पूजेत एक फिरंग असते. पातं सरळ, विलायती. मूठ मात्र इकडची, तिच्या मागे गज. मुलगा लंडनला स्थायिक झाला, तेव्हा ती त्याच्याकडे पाठवायचं काकांच्या मनात आलं. "अहो, घरचीच वस्तू पोराला द्यायची, त्यात सरकारला काय विचारायचं?"

विचारावं लागतं, आणि तेही दोन कायद्यांखाली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तलवार हे शस्त्रच आहे. ती देशाबाहेर न्यायला किंवा बाहेरून आणायला कलम १० प्रमाणे परवाना हवा. पण खरी अडचण पुरावशेषांच्या १९७२ च्या कायद्याची, जो ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावशेष ठरते. मग ती परदेशी पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला. घरमालकाला नाही. नियम मोडला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद, वर दंड.

आता इंग्लंडकडची बाजू बघा. तिथे २००८ साली पन्नास सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींची विक्री आणि आयात बंद झाली. माप मुठीपासून टोकापर्यंत सरळ रेषेत घ्यायचं, बाकावरून पट्टी फिरवायची नाही, हेसुद्धा कायद्यातच लिहिलंय. (इंजिनिअर माणसाला असा कायदा आवडतो.) पण तलवार शंभर वर्षांहून जुनी असेल तर तिला सूट! म्हणजे ज्या वयामुळे तिकडचं दार उघडतं, त्याच वयामुळे इकडचं बंद होतं. काकांची फिरंग तर सरळ, तिला तिकडे हे कलम लागतही नाही. अडते ती आपल्याच बंदरावर.

आणि फिरंगीचं वय मोजायचं कुठून? युरोपातली पाती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून इकडे आली, त्यांना मुठी इथे बसल्या. पुढे मूठ बदलणंही सर्रास चाले. मूठ नवी दिसली म्हणून पात्याचं वय कमी होत नाही.

काकांना जाच वाटतो, ते मला समजतं. तरी मी कायद्याच्या बाजूचा आहे. रघुजी भोसल्यांची तलवार, तीही फिरंगच, २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणायला महाराष्ट्र सरकारला ४७.१५ लाख रुपये मोजावे लागले.

काकांनी तलवार घरीच ठेवली. फोटो, मापं आणि पात्यावरच्या ठशाची नक्कल मी मुलाला पाठवून दिली. दसऱ्याला येतो म्हणालाय.