खांदेपालट

नेरळहून पूर्वेस कळंबकडे निघाले की माथेरानचा डोंगर पाठीमागे राहतो आणि समोर भीमाशंकरच्या सह्यधारेची भिंत उभी ठाकते. या दोहोंमधल्या मुलखात आम्ही काही मित्र पावसाळा सरला की एकत्र चालावयास जातो. आंबिवलीहून पेठच्या किल्ल्याची चढण हा आमचा नेहमीचा मार्ग. प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि तांदळाच्या पिशव्या मिळून दहाबारा किलो वजन असते. वर त्याचे काही काम नसते. ते वाहण्यासाठीच वाहायचे. एकदा लाकडाचा भारा घेऊन उतरणाऱ्या एका आजींनी आम्हांला विचारले, "वर काय पोचवायचंय?" काहीच नाही, हे ऐकून त्या हसल्या. त्या हसण्याला द्यावयाचे उत्तर आम्ही पुष्कळ दिवस शोधत आहोत.

पाठीवर वजन घेऊन गटाने चालण्याच्या व्यायामाला आज 'रकिंग' हे नवे नाव मिळाले असले, तरी ही रीत सैन्याची आहे. रोमन सेनापती मारियसने आपल्या सैनिकांना सामान स्वतःच वाहावयास लावले, तेव्हा लोक त्यांना 'मारियसची खेचरे' म्हणू लागले. गिर्यारोहणात ही शिस्त गरजेतून आली. हिमालयातील उंच तळावर कोणी मुक्काम करण्याआधी तेथे तंबू, दोर, इंधन आणि शिधा पोचवावा लागतो. त्यासाठी खालच्या तळावरून पुन्हापुन्हा फेऱ्या होतात. शिखरावर उभा राहणारा मनुष्य असा अनेकांच्या पाठींवर उभा असतो. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि मुंबईची 'गिरिविहार' ही संस्था, दोन्ही १९५४ मधल्या. पुढे मे २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोचले. अशा मोहिमांची खरी तयारी सिंहगडासारख्या घरच्या गडांवर, वजनाच्या सॅक पाठीला लावूनच होते.

मात्र एकत्र ओझे वाहिल्याने माणसे आपोआप एकजीव होतात, असे म्हणू लागलो तर हाच मुलूख आम्हांला अडवतो. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. पंचवीस बोगदे खोदले गेले. १८६१ मध्ये तेथे सुमारे बेचाळीस हजार माणसे राबत होती. फोडलेला खडक आणि मुरूम स्त्रीपुरुषांनी डोक्यावरच्या पाट्यांतून हलविला. एकाच चढणीवर एकाच वेळी इतकी माणसे ओझे वाहत असल्याचा दुसरा प्रसंग या परिसराच्या इतिहासात आम्हांस ठाऊक नाही. पण त्यांना एकत्र आणले ते पोटाने. पटकीच्या साथींत कित्येक मेली. १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले, तेव्हा मात्र ती माणसे खऱ्या अर्थाने एक झाली होती. ओझ्याने त्यांना शेजारी आणले. एकी घडली ती आपल्या हक्काच्या जाणिवेने.

मराठीत लादलेल्या ओझ्याला 'वेठ' हा वेगळा शब्द आहे. वेठीला धरलेल्याला वजन किती, वाट किती, विसावा कोठे, यांपैकी काहीही ठरविता येत नसे. वेठबिगार कायद्याने संपविण्यास १९७६ साल उजाडावे लागले. माथेरानला तर माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. आमचे वजन आम्ही हौसेने उचलतो आणि वाटेल तेव्हा उतरवितो. हा फरक विसरून सांघिक भावनेच्या गोष्टी करणे म्हणजे आजींच्या हसण्याला पात्र होणे होय.

याच तालुक्यात ओझे वाटून घेण्याचा एक वेगळा प्रयोग झाला. माथेरानमध्ये १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल वकील झाले आणि शेतकऱ्यांत काम करू लागले. पेरणीच्या वेळी सावकाराकडून दाणे उचलायचे आणि सुगीला दामदुपटीने फेडायचे, हे शेतकऱ्याचे ओझे हलके करण्यासाठी त्यांनी धान्यकोठी उभारली. ज्याच्या घरी दाणा आहे त्याने ठेवावा, ज्याला नड आहे त्याने न्यावा. १९४२ मध्ये ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. डोंगरात राहून लढणाऱ्यांमागे गावे उभी राहिली, त्याची मुळे आम्हांला धान्यकोठीत दिसतात. विश्वास आधी दाण्यात रुजला होता.

'खांदेपालट' हा शब्द आज मंत्रिमंडळापुरता उरला आहे. मुळात तो पालखी वाहणाऱ्या भोयांचा. खांदा भरून आला की दुसऱ्याने पुढे व्हायचे, आणि पालखी थांबू द्यायची नाही. आमच्या गटातही हळूहळू दोन नियम रुजले. सर्वांत मागच्याची चाल तीच गटाची चाल. आणि कोणी दमला तर त्याचे वजन न बोलता दोघांत वाटून घ्यायचे. 'चल, जमेल तुला' या ओरडण्यापेक्षा सॅकमधून मुकाट्याने काढून घेतलेली एक बाटली माणसाला अधिक चालविते, असा आमचा अनुभव आहे. उत्तेजन म्हणजे बहुधा इतकेच.

त्या दिवशी आजी विसाव्याला टेकल्या होत्या. भारा दगडावर ठेवलेला होता. उठताना त्या म्हणाल्या, "जरा हात लावा." जड भारा एकट्याने डोक्यावर घेता येत नाही, उचलून देणारे दुसरे कोणी लागतेच. दहाबारा किलो मिरवत आलेल्या आमच्यातील दोघांना तो भारा त्यांच्या चुंबळीवर नीट बसविताना धाप लागली. त्या मात्र पाठ ताठ ठेवून, एकदाही मागे न पाहता, आंबिवलीच्या दिशेने उतरून गेल्या.